संच फोडू नये

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली आठही छायाचित्रे मी आधी भिंगातून पाहिली आणि मग तुझा मजकूर वाचला. क्रम उलटा झाला असता, तर छायाचित्रे नीट पाहण्याइतके चित्त थाऱ्यावर राहिले नसते. तुझ्याकडे रेड स्टार हे सोव्हिएत सन्मानचिन्ह आहे, ‘शौर्यासाठी’ असे कोरलेले चांदीचे पदक आहे, जर्मनीवरील विजयाचे पितळी पदक आहे, आणि या तिन्हींचे कागद एकाच माणसाच्या नावाचे आहेत. एका व्यापाऱ्याने एकट्या रेड स्टारला चांगली किंमत देऊ केली आहे. त्या पैशांत तृतीय श्रेणीचे ऑर्डर ऑफ ग्लोरी हे दुसरे सोव्हिएत सन्मानचिन्ह घेता येईल आणि पदके मांडलेल्या तुझ्या फलकावरची रिकामी जागा भरेल, असे तू लिहितेस. पुढे विचारतेस की माणूस परका, त्याची लिपी आपल्याला वाचता येत नाही, मग संच फोडला तर बिघडले काय?

संच फोडू नये. एवढे लिहून मला पत्र संपवता आले असते, परंतु तू कारण विचारले आहेस, आणि कारण सांगायचे म्हणजे ज्याविषयी मी तीस वर्षे कुणाशी बोललो नाही त्याविषयी लिहावे लागेल. त्याआधी वस्तूकडे पाहू, कारण वस्तूकडे नीट न पाहताच तू सौद्यापर्यंत पोहोचली आहेस.

तो तारा हातात घे आणि उलटा कर. पुढच्या बाजूला माणकासारख्या लाल मिन्याचे पाच कोन, मध्ये बंदूक घेऊन उभा असलेला शिपाई आणि त्याच्याभोवती जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक, हे सारे ६ एप्रिल १९३० रोजी हे सन्मानचिन्ह स्थापन झाल्यापासून जवळजवळ तसेच आहे, आणि ते ३८ लाखांहून अधिक वेळा दिले गेले आहे. पुढच्या बाजूने पाहिले तर तुझा तारा त्या लाखोंपैकी कोणताही असू शकतो. मागे मात्र मधोमध स्क्रू आहे, टांकसाळीचा शिक्का आहे, आणि खाली कोरलेला क्रमांक आहे. तुझ्या तिसऱ्या छायाचित्रात त्या क्रमांकातला सात किंचित डावीकडे कलंडलेला दिसतो. कोरणाऱ्याचा हात तिथे घसरला असावा. तोच क्रमांक सन्मानचिन्हासोबतच्या पुस्तिकेत, म्हणजे तुझ्याकडच्या कागदांपैकी एकात, शाईने लिहिलेला आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूला त्या माणसाचे आडनाव, नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेले नाव आहे. तारा आणि माणूस यांना जोडणारी ही एवढीच गाठ आहे.

आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणीतल्या पदकांची सवय असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. पहिल्या महायुद्धाचे एखादे पदक साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या घरात निघाले, तर त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांना त्या युद्धाची पदके नावाशिवाय वाटली, तरी हिंदुस्थानात दिलेल्या पदकांवर नावे घातली गेली. असे पदक जुन्या बाजारात कितीही हात बदलून आले, तरी स्वतःचा मालक स्वतःच सांगते. त्याचे तोंड बंद करायचे तर ते सराफाच्या मुशीतच घालावे लागते, आणि तसे पुष्कळांनी केलेही. सोव्हिएत सन्मानचिन्हावर नाव नसते. त्याच्यावर फक्त क्रमांक असतो आणि नाव कागदावर असते, म्हणून कागद काढून घेतला की ते मुके होते.

आता तुझ्या व्यापाऱ्याचे म्हणणे, की ‘तारा तो तारा, कागदाने चांदी वाढत नाही.’ चांदी वाढत नाही, हे खरे. पण ४ जून १९४४ च्या हुकुमाने १५ वर्षांच्या निष्कलंक सैनिकी सेवेसाठीही रेड स्टार देण्याची तरतूद झाली, आणि ती १९५७ पर्यंत चालली. त्यामुळे एक तारा आघाडीवर जखमी साथीदारांना ओढत मागे आणणाऱ्याचा असू शकतो, तर दुसरा कोठारातल्या वहीत १५ वर्षे बुटांचे हिशेब लिहिणाऱ्याचा. (हिशेब लिहिणाऱ्याला मी हिणवत नाही, बुटांशिवाय कोणतीही फौज चालत नाही.) चांदी, मिना आणि शिपाई दोघांना सारखाच. फरक सांगतो तो कागद, आणि तुला तो चांदीपेक्षा हलका वाटतो!

रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २०१० मध्ये ‘पोद्विग नारोदा’, म्हणजे जनतेचा पराक्रम, या नावाने महायुद्धातल्या पुरस्कारांची दप्तरे संगणकावर सर्वांना खुली केली. तिथे नाव आणि जन्मवर्ष घातले की नशीब असेल तर शिफारसपत्राचे छायाचित्र समोर येते. त्यावर हुद्दा, तुकडी, जन्मवर्ष, केव्हापासून फौजेत, किती वेळा जखमी, आधी काय मिळाले, आणि त्याखाली, बहुधा घाईत टंकलिखित केलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या ओळींमध्ये, त्या माणसाने नेमके काय केले ते असते. शोध घ्यायचा तो नावाने, हे लक्षात घे. नुसता क्रमांक हाती असेल तर वाट मॉस्कोजवळच्या पोडोल्स्कच्या लष्करी अभिलेखागारातल्या नोंदपत्रांकडे जाते, आणि ती पुण्यात बसलेल्या तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी नाही. तुझ्याकडे नाव आहे, आणि तरीही तू मला विचारतेस की बिघडले काय.

लिपी येत नाही, हे कारण मला पुन्हा सांगू नकोस. सिरिलिक अक्षरे तेहतीस आहेत आणि ती शिकायला तुझ्या वयात एक आठवडा पुरतो. मी ती पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि तेव्हा वाचायला माझ्याजवळ काही उरले नव्हते.

१९९३ च्या शरद ऋतूत मी यंत्रसामग्रीच्या एका कामासाठी तीन आठवडे बर्लिनला होतो. रशियन फौजा जर्मनीतून परत जात होत्या. शेवटची तुकडी ऑगस्ट १९९४ मध्ये गेली. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ घडीच्या टेबलांवर फौजी टोप्या, भिंतीचे रंगीत तुकडे, पट्ट्यांची बक्कले आणि पदके किलोच्या भावाने विकावीत तशी मांडलेली असत. तिथे एका पोरसवदा विक्रेत्याकडून मी साठ मार्कांना एक रेड स्टार, एक ‘शौर्यासाठी’ आणि एक पुस्तिका घेतली. तिन्ही वस्तू चौकड्यांच्या हातरुमालात बांधलेल्या होत्या, आणि गाठ इतकी जुनी होती की ती दातांनी सोडवावी लागली. पुस्तिकेच्या मुखपृष्ठाची कड ओलीने फुगलेली होती. आतली शाई जांभळी होती. हे सारे मला अजून दिसते. फक्त ते आडनाव दिसत नाही.

त्या काळी मी प्रत्येक देशाचा एकेक नमुना जमवत असे. पूर्व जर्मनी, पोलंड, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया असे लाल मखमलीचे खण होते, आणि मंगोलियाचा खण रिकामा होता. १९९६ मध्ये एका संग्राहकाने मला ध्रुवताऱ्याचे मंगोलियन सन्मानचिन्ह देऊ केले आणि बदल्यात ‘शौर्यासाठी’ मागितले. पुस्तिकाही वर टाक म्हणाला, कारण त्याला तिच्यातल्या शिक्क्यांची हौस होती. मी टाकली. टाकताना ती एकदाही उघडून पाहिली नाही. चहाचा दुसरा कप येईपर्यंत सौदा संपला होता, आणि घरी येताना माझ्या खिशात मंगोलिया होता.

तो ध्रुवतारा आजही माझ्याकडे आहे आणि तो मला आवडत नाही. रेड स्टारही आहे. त्याचा क्रमांक मला तोंडपाठ आहे. माणसाचे पहिले नाव इवान असावे असे वाटते, पण ते आठवते आहे की रशियन म्हटल्यावर जीभ आपोआप तिथे जाते, हे मला सांगता येत नाही. आडनाव ‘ब’ ने सुरू होत होते. त्या दप्तरात ‘ब’ ने सुरू होणारे इवान किती असतील, याची तू कल्पना कर. मी २०११ च्या संपूर्ण पावसाळ्यात रोज रात्री दोन तास त्यांना वाचत बसलो होतो, आणि माझ्या पत्नीला वाटले की निवृत्तीनंतर माणसाला असे काहीतरी होतच असेल.

तू म्हणशील, काका, तेव्हा कुणाला ठाऊक होते की दप्तरे खुली होतील? हे मीही स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो. सगळेच नमुने जमवत होते, पदके फलकावर आणि पुस्तिका रद्दीत ही रीतच होती, मी घेतले नसते तर तो तारा कुणीतरी टोपीला लावून मिरवला असता, आणि साठ मार्क ही काही लहान रक्कम नव्हती. हे सगळे खरे आहे. मी त्या ताऱ्याला कधी पॉलिश लावली नाही, मिना दुरुस्त करवला नाही, आणि तिप्पट किंमत आली तरी विकला नाही. हेही लक्षात घ्यायला हवे. परंतु बर्लिनहून माझ्या घरी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्यांना वेगळे केले ते मी, कुठल्या लढाईने किंवा कुठल्या सरकारने नव्हे. संच फोडू नये, हे मी तुला पुस्तकातून सांगत नाही.

परक्या माणसाबद्दलही दोन शब्द. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमधल्या दोन हिंदी सैनिकांना १९४४ मध्ये रेड स्टार मिळाला होता, इराणमार्गे सोव्हिएत संघाला रसद पोहोचवण्याच्या कामाबद्दल. समजा त्यांच्यापैकी एकाचा तारा उद्या मॉस्कोतल्या एखाद्या मुलीच्या हाती आला आणि ही परकी नावे कोण ओळखतो म्हणून तिने कागद वेगळा विकला, तर तू तिला काय म्हणशील? तेच मी तुला म्हणतो आहे, थोडे सौम्य शब्दांत.

पितळी पदकाला व्यापाऱ्याने ‘भरतीचा माल’ म्हटले, ते तुला पटलेले दिसते. जर्मनीवरील विजयाचे पदक सुमारे दीड कोटी लोकांना मिळाले, त्याच्यावर क्रमांक नाही, आणि बाजारात त्याला फारशी किंमत नाही, हे मान्य. पण त्याचे प्रमाणपत्र नावानिशी दिलेले असते आणि त्याच्यावर देणाऱ्याची सही-शिक्का असतो. तुझ्या सहाव्या छायाचित्रातला गोल शिक्का पुसट आहे. खिडकीपाशी, उजेड कडेने येईल असा कागद धरून पुन्हा छायाचित्र काढ. त्या माणसाची तुकडी कळण्याचा तोच सर्वांत जवळचा दुवा ठरू शकतो. तुझ्या तीन वस्तूंपैकी सर्वांत स्वस्त वस्तूने सर्वांत जास्त सांगावे, असे या छंदात वरचेवर घडते, आणि म्हणूनच संच फोडू नये.

इतर प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देतो. चांदीवरचा काळसरपणा राहू दे. चिंच, टूथपेस्ट, सराफाचे पाणी यांपैकी काहीही लावू नकोस. खालच्या कोनावरचा मिना उडाला आहे तो तसाच असू दे, कारण नवा मिना भरलेला तारा जाणकाराला लगेच कळतो आणि मग त्याला क्रमांकावरही संशय येतो. मागचा स्क्रू सोडायचा असेल तर हाताने. पक्कड लावायची नाही. मॉस्कोला शिकणाऱ्या मैत्रिणीला ‘येताना एखादे पदक घेऊन ये’ असे चुकूनही सांगू नकोस. रशियात सोव्हिएत सन्मानचिन्हांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे आणि विमानतळावर तो निस्तरावा लागेल तो तिला, तुला नाही.

ऑर्डर ऑफ ग्लोरीचा मोह मला कळतो. शिपाई आणि सार्जंट यांच्यासाठी ८ नोव्हेंबर १९४३ रोजी स्थापन झालेले, नारिंगी-काळ्या फितीचे ते सन्मानचिन्ह माझेही आवडते आहे, आणि सेनापतींच्या हिऱ्यामाणकांपेक्षा मी ते केव्हाही पसंत करीन. पण तृतीय श्रेणीचे ग्लोरी सुमारे १० लाख आहेत. ते वर्षभराने मिळेल, पाच वर्षांनीही मिळेल. तुझा संच मात्र जगात एकच आहे, आणि व्यापाऱ्याने तारा उचलल्यानंतर तो पुन्हा जुळवायला तुला माझ्यासारखी तीस वर्षेही पुरणार नाहीत. फलकावर रिकामी जागा दिसते म्हणून डोळ्याला त्रास होत असेल, तर फलक बदल. मी माझा २०१२ मध्ये मोडून टाकला आणि आता प्रत्येक माणसाच्या वस्तू एका डबीत, त्याच्या कागदासकट ठेवतो. काही डब्यांत कागद नाही. त्यांपैकी एक कोणती, ते तुला आता ठाऊक आहे.

व्यापाऱ्याला उत्तर द्यायला संकोच वाटत असेल तर माझे नाव सांग. तो मला ओळखतो आणि माझ्याशी त्याचे फारसे पटत नाही. पुस्तिकेच्या आतल्या सर्व पानांची, कोरी दिसणाऱ्या पानांचीही, स्वच्छ छायाचित्रे पाठव. तुझी अक्षरे शिकून होईपर्यंत मी शिफारसपत्र शोधून ठेवतो, पण ते उघडून वाचणार नाही. त्याचा पहिला वाचक तू असायला हवीस.

आणि एक माझे काम. सोबत वेगळ्या चिठ्ठीवर एक क्रमांक लिहिला आहे. तू लिलावांच्या याद्या आणि विक्रेत्यांच्या पेट्या माझ्यापेक्षा जास्त पाहतेस, तुझे डोळेही तरुण आहेत. ओलीने फुगलेल्या कडेची आणि जांभळ्या शाईची सुटी पुस्तिका कुठे दिसली, तर रेड स्टारची नोंद जिथे असते ती ओळ आधी पाहा. हा क्रमांक तिथे असला, तर घासाघीस न करता घेऊन टाक आणि रात्रीचे बारा वाजले असले तरी मला फोन कर.

तुझा,
काका