दूध सोडवतेय आणि छाती दगडासारखी झालीय, काय करू?

प्रश्न : ताई, मुलगी सव्वा वर्षाची आहे. मी परत नोकरीला लागले म्हणून सासूबाई म्हणाल्या एकदमच तोड, दोन दिवस रडेल आणि विसरेल. त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून लावायला दिला आणि वरून ओढणी घट्ट बांधायला सांगितली. आज तिसरा दिवस. दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्यात, काखेपर्यंत ठणका लागतोय, हात वर केला तरी कळ येते, मुलगी दुसऱ्या खोलीत रडली तरी ब्लाउज भिजतो. शेजारच्या वहिनी म्हणतात पंपाने सगळं काढून टाक, आई म्हणते अजिबात हात लावू नकोस नाहीतर आणखी येईल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, आधी ती ओढणी सोड. हे वाचता वाचताच सोड, बाकीचं नंतर बघू. घट्ट बांधल्याने दूध बनायचं थांबत नाही, आत जे आहे ते दाबलं जातं, साकळतं आणि मग गाठी, ताप, पू होणं इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. सासूबाईंनी काळजीपोटीच सांगितलंय, त्यांच्या वेळी सगळीकडे हेच करायचे, पण आता डॉक्टर बांधायला सांगत नाहीत. त्याऐवजी नीट आधार देणारी, वायर नसलेली, जरा सैलसर कॉटनची ब्रा घाल आणि ठणका असेपर्यंत रात्रीही घालून झोप.

आता वहिनी की आई. दोघींचं अर्धं अर्धं बरोबर आहे. दूध मागणीवर बनतं, जितकं बाहेर जातं तितकं शरीर पुन्हा बनवतं, म्हणून पंपाने पूर्ण रिकामं करत राहिलीस तर ते आटणारच नाही. पण छाती दाटलेली राहिली की तेच शरीराला सांगणं असतं की आता कमी बनव, म्हणून थोडं दाटलेलं राहू द्यायचं, फक्त दुखेल इतकं नाही. म्हणजे ठणका लागला की हाताने थोडंसं काढायचं, छाती मऊ वाटली, हायसं वाटलं की लगेच थांबायचं. गरम पाण्याने आंघोळ करताना हे सगळ्यात सोपं जातं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे ठेव, आधी मागे बरगड्यांच्या दिशेने हलकं दाब आणि मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आण. चोळायचं नाही, रगडायचं तर मुळीच नाही, गाठ फोडायची म्हणून जोरात मालिश करणाऱ्या बायका असतात त्यांना लांबच ठेव, त्याने आतली सूज वाढते.

त्यानंतर गार शेक. फ्रीजरमधल्या मटारची पिशवी पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेव, दिवसातून चार-पाच वेळा चालेल. गरम शेक फक्त दूध काढायच्या आधी, तोही दोन मिनिटं, सतत शेकत बसलीस तर सूज वाढेल. फ्रीजमधली गार कोबीची पानंही ठेवतात, पुरावा फार भक्कम नाही पण बऱ्याच जणींना बरं वाटतं आणि नुकसान काही नाही. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल घे, किंवा जेवणानंतर आयबुप्रोफेन, पण ॲसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच. आणि पाणी कमी पिऊ नकोस, त्याने दूध कमी होत नाही, तूच गळून जाशील.

माझं ऐकशील तर मुलीला रात्रीचं एक पाजणं परत सुरू कर. हार मानली असं अजिबात नाही त्यात. एकदम तोडल्यामुळेच हे सगळं झालंय, एकेक वेळ कमी करत नेलं असतं तर इतका त्रास झाला नसता. आधी दुपारचं बंद कर, चार-पाच दिवस शरीराला सवय होऊ दे, मग संध्याकाळचं, झोपतानाचं सगळ्यात शेवटी. कडुलिंब नको गं. तिला कारण कळत नाही, फक्त आई कडू झाली एवढंच कळतं. त्यापेक्षा रात्री नवऱ्याला तिच्याजवळ झोपू दे, तो थोपटून झोपवेल, पहिल्या काही रात्री रडेल पण बाबांच्या कुशीत रडेल. नोकरी आहे म्हणून पूर्ण तोडावंच लागतं असंही नाही, सकाळ-रात्र पाजून नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि जागतिक आरोग्य संघटना तर दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते. पण तुला आता थांबवायचंच असेल तर थांबव, सव्वा वर्ष पाजलंस, कुणी तुला दोष देऊ नये.

डॉक्टरकडे कधी पळायचं ते नीट लक्षात ठेव. १०१च्या वर ताप, थंडी वाजणं, एका बाजूला लाल गरम चट्टा, अंग मोडून येणं, किंवा गाठ एक-दोन दिवसांत कमी न होता वाढत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण कर आणि त्या दिवसांत पाजणं किंवा थोडं दूध काढणं एकदम बंद करू नकोस. ते दूध बाळाला चालतं. सगळं शांत झाल्यावरही एखादी गाठ दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर सोनोग्राफी करून घे. पुढे काही आठवडे, कधी काही महिनेही दाबल्यावर थेंब येतात, त्याला घाबरू नकोस. मन उगाच भरून येईल, ते हार्मोन्समुळेही होतं, पण दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तेही डॉक्टरांना सांग.

प्रश्न : माझ्या बहिणीचं बाळ जन्मतःच गेलं. तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला, ती बघतच राहिली. दूध थांबवायची गोळी द्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तिला सांगा की बाळ असो नसो, वार पडली की शरीर दूध बनवतंच, तिचं काही चुकलेलं नाही. वर लिहिलेलं सगळं तिलाही लागू आहे, आणि न पाजता बहुतेकींचं दूध एक-दोन आठवड्यांत बरंच ओसरतं. कॅबरगोलिन नावाची गोळी असते, पण बाळंतपणात बीपी वाढलं असेल, हृदयाचा किंवा मानसिक आजार असेल तर ती धोक्याची ठरू शकते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. दक्षिणेत मोगऱ्याचे गजरे छातीवर बांधायची जुनी पद्धत आहे, १९८८ साली वेल्लोरच्या डॉक्टरांचा त्यावर अभ्यासही छापून आला होता आणि त्यात फुलांनी दूध कमी झालेलं दिसलं, तिला बरं वाटत असेल तर हरकत नाही, फक्त सैल बांधा.

आणखी एक, पण तिने स्वतः विचारलं तरच सांगा. काही आया हे दूध मिल्क बँकेला देतात. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत सायन हॉस्पिटलला पहिली बँक सुरू केली, आता इतर शहरांतही आहेत. आईच्या रक्ताच्या तपासण्या करून, दूध पाश्चराइझ करून ते कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. तिला नको वाटलं तर पुन्हा विषय काढू नका.