फाशी सुनावल्यावर उच्च न्यायालय नेमके काय पाहते?

प्रश्न : खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की प्रकरण संपले, असे आम्हा सामान्य माणसांना वाटते. पण आरोपीने अपील केले नाही तरी ते उच्च न्यायालयात जाते आणि तेथे लांबत राहते. इंग्रजांनी आमच्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना आठ महिन्यांत फासावर चढवले. मग ज्याच्यावर निर्घृण खुनाचा आरोप सिद्ध झाला आहे, त्याच्यासाठी इतका वेळ कशाला?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सत्र न्यायालयाला फाशीची शिक्षा सुनावण्याचा अधिकार आहे, मात्र ती उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 407 नुसार (1 जुलै 2024 पूर्वी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 366 होते) सत्र न्यायाधीशांना खटल्याची सर्व कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे पाठवावीच लागतात. अपील करणे हा आरोपीचा हक्क असून त्यासाठी त्याला 30 दिवसांची मुदत असते. प्रकरण पाठवणे हे मात्र न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि ते आरोपीच्या इच्छेवर अवलंबून नसते. आरोपीने ‘मला फाशी मान्य आहे’ असे लिहून दिले, तरीही हा टप्पा टळत नाही.

तेथे दोन न्यायाधीशांचे खंडपीठ खालच्या निकालात उघड चूक आहे का, एवढेच पाहून थांबत नाही. ते सगळा पुरावा स्वतः नव्याने वाचते : फिर्याद कधी आणि कोणी दिली, पंचनाम्यावरचे पंच न्यायालयात काय म्हणाले, हत्यार कोणाच्या सांगण्यावरून जप्त झाले, मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सीलबंद होता का, शवविच्छेदनातील जखमा त्या हत्याराशी जुळतात का. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने एखादा महत्त्वाचा प्रश्न विचारलाच नसेल, तरी पुराव्यातील ती उणीव खंडपीठाच्या नजरेत यावी अशी अपेक्षा असते. गरज भासल्यास ते अधिक चौकशीचा किंवा जादा पुरावा घेण्याचा आदेशही देऊ शकते. शेवटी शिक्षा कायम करणे, ती बदलणे, फेरखटल्याचा आदेश देणे किंवा आरोपीला निर्दोष सोडणे, हे सारे मार्ग त्याच्यापुढे खुले असतात. दोन न्यायाधीशांचे मत जुळले नाही, तर प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशांपुढे जाते.

एवढी तपासणी कशासाठी, याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडते. पुण्यातील एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली होती. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आरोपीला निर्दोष ठरवले आणि परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याच्या पाच कसोट्या त्याच निकालात घालून दिल्या. आजही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या जवळजवळ प्रत्येक खून खटल्यात वकील त्या पाच कसोट्या वाचून दाखवतात. दुसरे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील, 2003 सालच्या हत्याकांडाचे. सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेत बदलली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचारात तेच प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि 2019 मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. 2009 नंतर लगेच अंमलबजावणी झाली असती, तर ती भरपाई कोणाच्या हाती दिली असती?

गुन्हा सिद्ध झाला असे ठरले, तरी खंडपीठाचे काम अर्धेच झालेले असते, आणि नेमके हेच आपल्या चर्चांमध्ये निसटते. ‘खून केला, म्हणजे फाशी’ असे कायदा म्हणत नाही. खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद आहे. तो अपवाद करायचा तर विशेष कारणे लेखी द्यावी लागतात. 1980 सालच्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे सूत्र दिले, ते वर्तमानपत्रांमुळे सर्वांना पाठ आहे. पण त्याच निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितले, हा भाग फारसा सांगितला जात नाही. आरोपीचे वय काय, पूर्वी काही गुन्हे आहेत का, तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे सरकार पक्षाने दाखवले आहे का, हे प्रश्न विचारावेच लागतात. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला अधिक नेमके रूप दिले : आरोपीची मानसिक तपासणी, त्याची सामाजिक व कौटुंबिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे आली पाहिजे. प्रत्यक्षात दोषी ठरवणे आणि शिक्षेवरील युक्तिवाद यांत अनेकदा एक-दोन दिवसांचेच अंतर असते, त्यामुळे ही माहिती पहिल्यांदा उच्च न्यायालयातच गोळा होते आणि त्यात वेळ जातो.

चार हुतात्म्यांविषयी स्पष्टच लिहितो. सोलापुरातील उद्रेक 8 मे 1930 चा, त्यानंतर शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्यावर ठेवलेला आरोपही पोलिसांच्या हत्येचाच होता. ज्या शिक्षेला हे शहर आजही अन्याय मानते, तिच्या वेगाचे माप आजच्या न्यायालयांना लावणे मला पटत नाही.

विलंबाची आपली तक्रार मात्र खोटी नाही. फक्त तिचा रोख वेगळीकडे हवा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात सत्र न्यायालयाची फाशी 2001 ची, उच्च न्यायालयाने ती 2004 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली. म्हणजे वरच्या दोन्ही न्यायालयांचे काम पाच वर्षांत आटोपले. दयेचा अर्ज फेटाळला जायला मात्र 2014 उजाडले, आणि सरकारी पातळीवरील या दिरंगाईमुळेच 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती फाशी जन्मठेपेत बदलली.

प्रश्न : उच्च न्यायालयाने फाशी बदलून जन्मठेप दिली, म्हणजे आरोपी 14 वर्षांनी बाहेर येणार ना?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. जन्मठेप म्हणजे मुळात उरलेले संपूर्ण आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षेत सूट देऊन सोडायचे असले, तरी त्याआधी किमान 14 वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात गेली पाहिजेत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. 14 वर्षांनी सुटण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. शिवाय 2015 च्या घटनापीठाच्या निकालानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी सूट न मिळणारी 20, 25 किंवा 30 वर्षांची, अथवा मरेपर्यंतची कैद देऊ शकते. सत्र न्यायालयाला हा अधिकार नाही. म्हणून ‘फाशी रद्द’ एवढाच मथळा वाचून निष्कर्ष काढू नये. निकालाचे शेवटचे पान पाहावे.

प्रश्न : माझ्या नात्यातील एका मुलीच्या खुनात आरोपीला फाशी झाली आहे. उच्च न्यायालयात आमचे म्हणणे ऐकले जाईल का? आणि त्यासाठी मुंबईलाच जावे लागेल का?
— एक वाचिका, पंढरपूर

उत्तर : ताई, उच्च न्यायालयात बाजू मांडण्याची मुख्य जबाबदारी सरकारी वकिलांची असते, पण न्यायालयाच्या परवानगीने कुटुंबाला स्वतःचा वकील देऊन त्यांना साहाय्य करता येते. आरोपी निर्दोष सुटला, तर कायद्यानुसार पीडित ठरणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांना आणि वारसांना स्वतंत्र अपिलाचा हक्क आहे. केवळ शिक्षा कमी वाटली म्हणून अपील करण्याचा अधिकार सरकारचा आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुंबईचा प्रवास आता बहुधा वाचेल. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. निकालाची प्रत व प्रकरण क्रमांक हाती घेऊन प्रथम सोलापुरातील सरकारी वकिलांच्या कार्यालयात जावे आणि कागदपत्रे वर कधी पाठवली, तेवढे विचारून घ्यावे.