बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड : मागवण्याआधी एवढं पाहा

प्रश्न (कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा): कंपनीच्या माणसाने सांगितलं म्हणून गेल्या हंगामात ट्रायकोकार्डं लावली. तरी बोंडं किडलीच. हा प्रकार खरंच चालतो का?

चालतो, पण कार्ड काय करतं आणि काय करत नाही हे आधी समजून घ्या. कार्डावर तांदळात जाळी करणाऱ्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या पोटात गांधीलमाशीच्या कुळातली, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची माशी वाढत असते. ती बाहेर पडली की बोंडअळीचं अंडं शोधते आणि त्यात स्वतःचं अंडं घालते. त्या अंड्यातून मग अळी निघतच नाही. म्हणजे हा उपाय अंड्यावरचा आहे. अळी एकदा बोंडात शिरली की ही माशी तिचं काही करू शकत नाही. (तशी त्या अळीपर्यंत फवारणीही पोचत नाही, हे 2017 साली गुलाबी बोंडअळी पसरली तेव्हा आपण पाहिलंच. त्याच साली यवतमाळात फवारताना विषबाधेने माणसं दगावली.)

म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे. डोमकळ्या (अळी आत शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं) दिसू लागल्यावर कार्ड मागवलं असेल तर उशीर झाला. पात्या (फुलाआधीच्या कळ्या) लागायच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर समजा की आता अंडी पडणार. एरवी ही फवारणीची पातळी मानतात. कार्डं मात्र त्याआधीच, पतंग सापडायला लागताच, शेतात गेलेली बरी. एकरी साधारण 60,000 अंडी, म्हणजे 20,000 ची तीन कार्डं, आठवड्याच्या अंतराने किमान तीनदा. एकदाच लावून वाट पाहणाऱ्यांचीच तक्रार जास्त येते.

माशी फार लांब उडत नाही. कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर पसरा. पट्टी पानाच्या खालच्या बाजूला टाचा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. जोराच्या पावसात लावू नका, आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवा, त्या अंडी खाऊन टाकतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी विचारत नाही: कार्डावर माशी कोणती आहे? गुलाबी बोंडअळीसाठी 'ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रे' मागा. दुकानात सहज मिळते ती 'ट्रायकोग्रामा किलोनिस'. ती अमेरिकन बोंडअळीला आणि उसाच्या खोडकिडीला चांगली, गुलाबीसाठी पहिली पसंती नाही. बिलावर जातीचं नाव लिहून घ्या.

कार्ड लावण्याआधी आणि नंतर सात ते दहा दिवस रासायनिक फवारणी नको. 'दोन्ही करू, काहीतरी लागू पडेल' हा विचार इथे सर्वांत महाग पडतो, कारण विकत आणलेली माशी आपणच मारतो. आणि ही माशी मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी नाही. त्यासाठी सुरुवातीला शक्य तितके दिवस फवारणी टाळून ढालकिडा आणि क्रायसोपा या मावा-तुडतुडे खाणाऱ्या मित्रकीटकांना शेतात टिकू द्या.

प्रश्न (तोच शेतकरी): माल खरा आहे हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे ट्रायकोडर्मासारख्या बुरशीच्या किंवा जिवाणूंच्या औषधाला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. जिवंत मित्रकीटकांना तशी नोंदणी लागत नाही, त्यामुळे तपासणी तुम्हालाच करावी लागते. कार्डावरची बहुतेक अंडी काळी दिसली पाहिजेत. पांढुरकी अंडी जास्त असतील तर कार्ड परत करा. तयार झाल्याची तारीख बघा. कार्ड उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि माशी निघण्याच्या आत लावा. खात्री करायची असेल तर एक बारीक तुकडा काचेच्या बाटलीत बंद करून सावलीत ठेवा. दोन-चार दिवसांत आत बारीक माश्या फिरताना दिसायला हव्यात. कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठाची प्रयोगशाळा किंवा ऊसवाल्यांसाठी पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडे आधी चौकशी करा.

प्रश्न (पपई उत्पादक, जळगाव): पिठ्या ढेकणासाठी कंपनीची अशी माशी मिळेल का?

विकत घेण्याची बहुधा गरज नाही. पपईचा रस शोषणारा, अंगावर पांढरं पीठ असलेला हा ढेकूण 2008 साली कोइम्बतूरला दिसला आणि पुढे महाराष्ट्रातही आला. 2010 साली बंगळूरच्या केंद्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून 'असेरोफॅगस पपाये' नावाची, ढेकणाच्या अंगात अंडं घालणारी माशी आणून सोडली. ती इथे रुजली आणि आपली आपण वाढू लागली. जी माशी एकदा सोडल्यावर पुन्हा विकता येत नाही, तिच्यात कंपनीला रस कमीच. म्हणून असलं काम सरकारी संस्थेनेच करायचं असतं. तुमच्या बागेत ढेकूण दिसला तर आधी फवारणी थांबवा. वाळून कडक झालेले, बारीक भोक पडलेले ढेकूण सापडले तर माशी आलेली आहे. नसतीलच तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला नमुना दाखवा.