रँकिंग नंतर पाहा, परवान्याचं आधी विचारा

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. बारावीला ती ‘नीट’ या मेडिकल प्रवेशपरीक्षेत पात्र ठरली होती, पण एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतके गुण नव्हते. मग तिने बायोकेमिस्ट्रीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केलं. डॉक्टर व्हायचं मात्र तिच्या मनातून गेलेलं नाही. परदेशात पदवीधरांसाठी चार वर्षांचा मेडिकल अभ्यासक्रम असतो, तो तिला करायचा आहे. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका इथल्या कॉलेजांची यादी तिने रँकिंगप्रमाणे केली आहे. यातलं सर्वांत चांगलं कोणतं? पुढे भारतात परत यायचं ठरलं तर अडचण येईल का? आणि आता फार उशीर तर झाला नाही ना?

उत्तर : नमस्कार ताई,

उशिराची काळजी आधी मिटवू या. उशीर अजिबात झालेला नाही. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक जण आधी पदवी घेतो आणि मगच मेडिकलला जातो. तिथे पहिल्या वर्षाच्या वर्गात २३-२४ वर्षांची मुलंच जास्त दिसतील. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९६ मध्ये पदवीधरांसाठीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि नंतर तिथली अनेक विद्यापीठं त्याच पद्धतीवर गेली. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाचा चार वर्षांचा मेडिकल अभ्यासक्रम तर फक्त पदवीधरांसाठीच आहे. वयामुळे तुमची मुलगी तिथे वेगळी पडणार नाही.

भारतात परत येण्याचा प्रश्न तुम्ही दुसरा विचारलात. माझ्या मते तो पहिला आहे, आणि कुठेही पैसे भरण्याआधी तो सुटला पाहिजे. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केले. त्यांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याशिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून झालेलं हवं आणि त्या पदवीवर त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळायला हवा. त्यावर इथली परीक्षा आणि इथली इंटर्नशिप आहेच. आता हिशोब करा. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. मेलबर्न असो वा लिमरिक, कॉलेजचं नाव कितीही मोठं असलं तरी ४८ चे ५४ होत नाहीत. शिवाय त्या देशांत इंटर्नशिप बहुधा पदवीनंतर नोकरी म्हणून होते, कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नाही.

म्हणून मुलीला स्वच्छ विचारा : तिला तिकडेच डॉक्टर म्हणून राहायचं आहे की परतीचा रस्ता उघडा ठेवायचा आहे? परतायची इच्छा खरोखर असेल, तर चार वर्षांऐवजी पाच-सहा वर्षांचे अभ्यासक्रम पाहावे लागतील. पदवीधरही त्यांना अर्ज करू शकतात. कोणत्याही कॉलेजबद्दल खात्री करायची तर आयोगाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बारावीच्या वेळच्या नीटचा निकाल आज चालेल का, हेही त्याच पत्रात विचारा. ‘काही प्रॉब्लेम येत नाही मॅडम’ असं एजंट फोनवर सांगेल. त्याच्या शब्दावर लाखो रुपये आणि मुलीची पाच-सहा वर्षं लावू नका, हे मी फार कळकळीने सांगते आहे.

तिकडेच राहायचं ठरलं, तरी परवान्याचा प्रश्न संपत नाही, फक्त बदलतो. नुसती पदवी घेऊन या तिन्ही देशांत स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाहीत. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात पूर्ण नोंदणीसाठी पदवीनंतर एक वर्षाची इंटर्नशिप लागते, आणि त्या जागा वाटताना तिथल्या विद्यार्थ्यांचा नंबर आधी लागतो. परदेशी विद्यार्थ्याला जागा मिळते, पण त्याची हमी नसते. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणासाठी, मॅच नावाची देशव्यापी पद्धत आहे. तिचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि रेसिडेन्सी नसेल तर पदवी नुसती कागदावर राहते. व्हिसाचा प्रश्न त्यावर आणखी वेगळा. म्हणून कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून सरळ विचारा : गेल्या तीन वर्षांत परदेशी नागरिक असलेल्या तुमच्या किती विद्यार्थ्यांना इथेच इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी मिळाली?

उत्तरात टक्केवारी आली तर ती कशाची आहे ते पाहा. काही खासगी कॉलेजं प्रवेश सहज देतात आणि जाहिरातीत ‘९० टक्क्यांहून जास्त मुलांना रेसिडेन्सी’ असं छापतात. ते ९० टक्के पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचे असू शकतात. मधल्या वर्षांत जे गळाले, जे नापास होऊन घरी गेले, ते या गणितात येतच नाहीत. ‘पहिल्या वर्षाला आलेल्या १०० जणांपैकी वेळेत डॉक्टर झाले किती?’ असा प्रश्न टाका. टाळाटाळ झाली तर ते कॉलेज यादीतून काढा.

तिच्या यादीतली अमेरिका बहुधा आपोआप लहान होईल. तिथली बरीच एमडी कॉलेजं परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत (तिथलं एमडी म्हणजे डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्यासारखी पदव्युत्तर नव्हे). जी घेतात त्यांतल्या अनेकांना अर्जदाराचं काही शिक्षण अमेरिकेत किंवा कॅनडात झालेलं हवं असतं, आणि काही ठिकाणी फीचे पैसे आधीच जमा करून दाखवावे लागतात. प्रवेशपरीक्षा एमकॅट, गुण ४७२ ते ५२८ च्या दरम्यान. ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्ये मुख्यतः गॅमसॅट आहे, पण परदेशी अर्जदारांकडून काही कॉलेजं एमकॅटही घेतात. गॅमसॅटबद्दल बायोकेमिस्ट्रीवाल्यांना एक धोक्याची सूचना : तिचा एक विभाग साहित्य आणि समाजविषयक उताऱ्यांवर असतो आणि दुसऱ्यात वेळ लावून दोन निबंध लिहायचे असतात. एम.एस्सी. झालेली हुशार मुलं विज्ञानाच्या भागात नाही, इथे अडकतात. तिने आत्तापासून आठवड्याला दोन निबंध लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यावेत.

आता रँकिंगबद्दल. जागतिक रँकिंगमध्ये विद्यापीठाचं संशोधन, शोधनिबंधांना मिळालेले संदर्भ, विद्वानांमधला लौकिक यांचं वजन मोठं असतं. तुमच्या मुलीला तिसऱ्या वर्षी वॉर्डात कोण शिकवणार, हे त्यातून कळत नाही. डॉक्टर घडतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे आळीपाळीने एकेका विभागाच्या वॉर्डात काम करताना : मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, फॅमिली प्रॅक्टिस. कॉलेज निवडताना मी याच गोष्टीला सर्वांत जास्त वजन देते.

प्रत्येक कॉलेजमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या निदान दोन विद्यार्थ्यांशी तिने स्वतः बोलावं, तुम्ही नाही. त्यांना विचारावं की रुग्णाची केस स्वतः घ्यायला आणि तपासायला मिळते का, की राउंडच्या वेळी मागे उभं राहावं लागतं. एका युनिटला किती विद्यार्थी असतात? केस सांगितल्यावर ती ऐकून चूक दाखवायला सीनियर वेळ देतात का? पोस्टिंगची हॉस्पिटलं कुठे कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. अनेक कॉलेजं विद्यार्थ्यांना दूरच्या, ग्रामीण हॉस्पिटलांत काही आठवडे ते अख्खं वर्ष पाठवतात. तिथे शिकायला उत्तम मिळतं, कारण विद्यार्थी कमी आणि कामं जास्त असतात. पण राहायची सोय कॉलेज करतं का, की दोन ठिकाणी भाडं भरायचं? पहाटेच्या राउंडला पोहोचायला बस आहे, की गाडी चालवता आलीच पाहिजे? नापास झालेल्याला पुन्हा संधी कशी मिळते आणि आजारपणात किती रजा मिळते, हेही याच मुलांना विचारावं. माहितीपत्रकात यातलं काहीच नसतं.

शिकवण्याच्या पद्धतीचंही तिला आधी माहीत असू दे. पुष्कळ पदवीधर अभ्यासक्रमांत आठ-दहा जणांच्या गटाला एक केस देतात आणि त्यातून शरीरशास्त्रापासून औषधांपर्यंत सगळं मुलांनीच शोधायचं असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये हे सुरू केलं. आयत्या नोट्सची सवय असलेल्यांना पहिले सहा महिने जड जातात. कुणाकुणाला ही पद्धत शेवटपर्यंत मानवत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही, फक्त कॉलेज निवडण्याआधी ते ओळखावं.

खर्च मोजताना फक्त पहिल्या वर्षाची फी धरू नका. फी दरवर्षी वाढते, रुपयाचा दर बदलतो, परीक्षा आणि परवान्याची फी वेगळी. स्टुडंट व्हिसावर अर्धवेळ काम करता येतं हे खरं, पण वॉर्डातल्या (क्लिनिकल) वर्षांत त्याला वेळ उरत नाही. ती कमाई हिशोबात धरूच नका. आणि कर्जासाठी घर तारण ठेवणार असाल, तर हप्ते कधी सुरू होतात आणि तिला पहिला पगार कधी मिळतो, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहा. मधल्या महिन्यांत हप्ता कोण भरणार, हे घरात बसून आत्ताच ठरवा. इंटर्नशिप एक वर्ष लांबली तर काय, हेही.

एक छोटं काम या आठवड्यात सुरू करता येईल. वॉर्डात जाण्याआधी बहुतेक कॉलेजं लसीकरणाचे पुरावे मागतात, विशेषतः हिपॅटायटिस बीचे डोस आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट. नेहमीचं वेळापत्रक तीन डोसचं आणि सहा महिन्यांचं आहे, त्यामुळे ऐनवेळी धावपळ करून ते उरकत नाही.

आयोगाचं उत्तर आलं आणि विद्यार्थ्यांशी बोलणं झालं की यादी पुन्हा करा, आणि मला पाठवा. पण या वेळी पत्र मुलीला लिहू दे. परत यायचं की नाही, याबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं मला तिच्या शब्दांत वाचायचं आहे.