‘दिवसभर चौकोन काढत बसतो’

प्रश्न : मी महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला आहे, गल्ल्यांना पाणी सोडतो, राहणार भांडुप. मुलगा बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत ६४ टक्के. ‘क्लाउड आर्किटेक्ट’, म्हणजे इंटरनेटवर भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्युटरांवरची यंत्रणा आखणारा, व्हायचं म्हणाला म्हणून पतपेढीतून ९० हजार काढून क्लास लावला. सहा महिन्यांत नोकरी, शंभर टक्के प्लेसमेंट, असं क्लासवाल्यांनी सांगितलं होतं. चार महिने झाले. हा दिवसभर कॉम्प्युटरवर चौकोन काढतो, बाण जोडतो, त्यात खोटी गर्दी सोडतो आणि म्हणतो ‘सिम्युलेशन करतोय’. खरं काहीच चालू करत नाही. बंगळुरूचा माझा भाचा सांगतो की आता सगळं आपोआप वाढतं, चित्रं कोण काढत बसतं? मी कपाटावर तारखांचा तक्ता लावला आहे. परीक्षा एकदाच द्यायची आणि पास व्हायचं, त्याला चुकायची मुभा मी दिलेली नाही. नमुन्यादाखल त्याच्या चित्राचा प्रिंट जोडला आहे. याला बँकेच्या परीक्षेला बसवू का?
— एक पालक, भांडुप

उत्तर : तुमचं मूळ पत्र तीन पानी आहे, वर त्याचा गोषवारा दिला आहे. त्यात पतपेढीचा हप्ता चार वेळा येतो, भाचा तीन वेळा येतो. मुलाच्या तोंडचे दोनच शब्द येतात, ‘सिम्युलेशन करतोय’, आणि तेही तुम्ही चिडून लिहिलेत. त्याच्या ६४ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. मी अडकलो ते ‘चुकायची मुभा मी दिलेली नाही’ या वाक्यावर. दोनदा वाचलं, मग पत्र बाजूला ठेवून चहा घेतला.

नव्वद हजार ही तुमच्या पगारात मोठी रक्कम आहे, हे कळतं. पण हप्त्याची तारीख रोज संध्याकाळी जेवताना ऐकवली की हप्ता कमी होत नाही, मुलगा मात्र जेवण लवकर आटपायला शिकतो. आणि तो तक्ता. असाच तक्ता एका घरात मीच लावायला सांगितला होता, पंधराएक वर्षांपूर्वी. मुलीने प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण केली. त्यातल्या निम्म्या खुणा खोट्या होत्या, आणि हे आम्हाला निकालाच्या दिवशी कळलं. त्यानंतर मी कुणालाही तक्ता लावायला सांगितलेला नाही. तुमचा तुम्ही आजच काढा. त्याला समजावून वगैरे नको, नुसता काढा.

आता तो प्रिंट. तुम्ही पुरावा म्हणून पाठवलात, पण पुरावा तुमच्याच विरुद्ध निघाला. मी इंजिनिअर नाही, म्हणून माझा एक जुना विद्यार्थी, जो रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये, म्हणजे असे कॉम्प्युटर ठेवलेल्या इमारतीत, रात्रपाळी करतो, त्याला रविवारी घरी बोलावून कागद दाखवला. वर तुमच्या मुलाने लिहिलंय, ‘गणपती बस बुकिंग – भांडुप ते कणकवली’. म्हणजे त्याने कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या आरक्षणाची व्यवस्था आखली आहे, बुकिंग सकाळी आठला उघडणार असं धरून. डावीकडून लोक येतात, मध्ये गर्दी वाटून देणारा लोड बॅलन्सर, त्यापुढे दोन सर्व्हर, म्हणजे आलेल्या लोकांचं काम करणारे कॉम्प्युटर, दोन वेगवेगळ्या झोनमध्ये. असे कॉम्प्युटर भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉनने मुंबई रीजन, म्हणजे इथल्या डेटा सेंटरांचा गट, २०१६ साली सुरू केलं, त्यात आज असे तीन झोन आहेत. झोन म्हणजे वीज आणि नेटवर्क वेगळं असलेली डेटा सेंटरं. एका झोनला काही झालं तर दुसऱ्यावर चालावं, हा हेतू. दोन सर्व्हरच्या मागे एकच डेटाबेस, म्हणजे सगळ्या आरक्षणांची नोंदवही, आहे आणि त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करून मुलाने लिहिलंय, ‘हा एकच. याचाच झोन गेला तर?’

माझा विद्यार्थी तिथे थांबला. म्हणाला, सर, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली मुलंसुद्धा हे विचारत नाहीत. मग त्याने कोपऱ्यातल्या बिलाच्या अंदाजावर बोट ठेवलं. तिथे नॅट गेटवे नावाच्या एका वस्तूसमोर लिहिलंय, ‘रात्री कोणी नसताना पण मीटर चालू’. बंद दारामागच्या सर्व्हरला बाहेरच्या इंटरनेटपर्यंत पोचवणारी ही वस्तू तासावर भाडं घेते, वापरा किंवा नका वापरू, आणि तिच्यातून जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे. नवख्यांची पहिली बिलं इथे फुगतात. तुमच्या मुलाने ते एक पैसा खर्च न करता पकडलं. तुम्ही ज्याला टाइमपास म्हणता तो हा.

तुमच्या भाच्याचं म्हणणं मात्र खोडून काढायला हवं, कारण हा गैरसमज मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो. क्लाउड हवा तेवढा वाढतो, मग आधी आखायचं कशाला? वाढतो, पण लगेच नाही आणि सगळीकडे नाही. गर्दी झाली आहे हे यंत्रणेला कळायला, नवं मशीन उभं राहायला, त्यावर प्रोग्राम चालू व्हायला काही मिनिटं जातात. गणपतीचं बुकिंग आठ वाजून काही सेकंदांत भरलेलं असतं. दुसरं, चाळीत दहा नळ जास्त लावले म्हणून मुख्य पाइपातलं पाणी वाढतं का? हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे विनोदच. सर्व्हर म्हणजे नळ आणि तो एकटा डेटाबेस म्हणजे पाइप. आणि तिसरी गोष्ट तुमच्या मुलाच्या कागदावर खाली बारीक अक्षरात आहे : ‘५०% – २ पट, ८०% – ५ पट, ९०% – १० पट, ९५% – २० पट’. समजा स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी आहे, एका माणसाला सरासरी एक मिनिट लागतं आणि माणसं मनाला येईल तेव्हा येतात. कारकून निम्मा वेळ रिकामा असेल तर रांगेत लागल्यापासून तिकीट हातात पडेपर्यंत सरासरी दोन मिनिटं जातात. तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर पाच, ९० टक्के असेल तर दहा, ९५ टक्के असेल तर वीस. शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये काम वाढलं पाच टक्के, आणि रांग दुप्पट झाली. रांगांचं हे शास्त्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली सुरू केलं, फोन जोडायला किती लायनी लागतील ते काढण्यासाठी. ‘अजून जागा आहे की’ असं वाटत असतानाच सगळं अडतं, आणि नेमकं कुठे अडेल ते आधी कागदावर नाहीतर खोट्या गर्दीत बघायचं असतं. १९१६ साली स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात हेच चालतं. धरण किंवा बंदर बांधण्याआधी त्याचं लहान प्रतिरूप करून त्यात पाणी सोडतात. तिथल्या इंजिनिअरला कोणी म्हणत नाही, खेळतोयस काय, धरण बांध.

आणि चुका कुणाच्या होत नाहीत? २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने काही सर्व्हर बंद करायची कमांड देताना त्यातला एक तपशील चुकवला. ठरल्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर बंद झाले आणि अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास लंगडत होत्या. कंपनीने नंतर जाहीर केलं की ते बंद करण्याचं साधनच बदललं : आता ते सर्व्हर हळूहळू काढतं आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली जाऊच देत नाही. तुम्ही चावी कशी फिरवता? झटक्यात बंद केलीत तर पाइपात दणका बसतो, म्हणून सावकाश. हे तुम्हाला पहिल्या दिवशी येत होतं का? कोणीतरी जुना माणूस शेजारी उभा होता ना?

आता मुलाची चूक, कारण ती पण आहे. चार महिने नुसतं कागदावर राहणं जास्त झालं. सिम्युलेटर तुम्ही त्याला जे सांगितलं तेवढंच जाणतो. चुकीच्या परवानग्या, भलतीकडे गेलेला पत्ता, भरून गेलेली डिस्क, हे चित्रात दिसत नाही. त्याने क्लासच्या सांगण्यावरून क्लाउडसिम घेतलं असेल तर थोडं बाजूला ठेवावं. मेलबर्न विद्यापीठातून आलेलं ते जावा भाषेतलं, क्लाउडचं सिम्युलेशन करायचं साधन संशोधकांसाठी उत्तम आहे, नोकरीच्या मुलाखतीत त्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. त्यापेक्षा तीच बस बुकिंगची व्यवस्था टेराफॉर्ममध्ये, म्हणजे यंत्रणा लिहून उभी करायच्या साधनात, लिहावी. त्याची ‘प्लॅन’ कमांड काय उभं राहील, काय बदलेल, काय पाडलं जाईल याची यादी आधी दाखवते, प्रत्यक्ष काही न करता. लोकलस्टॅक नावाच्या साधनाने ॲमेझॉनच्या बऱ्याच सेवांची नक्कल लॅपटॉपवरच चालते. मग एका शनिवारी खरोखर उभी करावी, गर्दी सोडून बघावी आणि संध्याकाळी पाडून टाकावी.

तुम्ही त्याला डेबिट कार्ड द्यायला नकार दिलात, लाखांचं बिल येईल म्हणून. ही भीती मात्र रास्त आहे. खर्चाची मर्यादा घातली की खर्च थांबतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, बजेटची सूचना फक्त मेल पाठवते, तीही काही तास उशिरा, मीटर चालूच राहतो. पण जुलै २०२५ पासून ॲमेझॉनने नव्या खात्यांना फ्री प्लॅन दिला आहे, त्यात मिळालेलं क्रेडिट संपलं किंवा सहा महिने झाले की खातं बंद होतं, आपणहून पैसे भरायच्या प्लॅनवर गेल्याशिवाय बिल लागत नाही. तो प्लॅन निवडताना शेजारी बसा आणि कार्ड द्या.

परीक्षेबद्दल थोडक्यात : ॲमेझॉनची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही ६५ प्रश्नांची, १३० मिनिटांची, १५० डॉलर फीची परीक्षा आहे, १००० पैकी ७२० लागतात, आणि नापास झालं तर १४ दिवसांनी फी भरून पुन्हा देता येते. परीक्षा घेणाऱ्यांनी मुभा दिली आहे, तुम्ही नाही. बँकेची परीक्षा त्याला द्यायची असेल तर द्यावी. तुम्हाला त्याने द्यावी असं वाटतं हे कारण पुरेसं नाही.

आणि ‘आर्किटेक्ट’ हा शब्द घरातून काही वर्षांसाठी हद्दपार करा. पदवीनंतर लगेच ही नोकरी सहसा मिळत नाही, ज्याने रात्री दोनला पडलेली यंत्रणा उभी केली आहे त्यालाच लोक पुढची आखायला देतात. क्लासने सहा महिन्यांत ती मिळेल म्हणून सांगितलं असेल तर ती थाप आहे. प्लेसमेंटची हमी लेखी आहे का बघा, असेल तर पैसे परत मिळण्याची अट वाचून त्यांच्यासमोर जाऊन बसा. मुलाने सपोर्ट किंवा ऑपरेशन्सच्या जागांना अर्ज करावेत. ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरं आहेत, आणि भांडुपहून ऐरोली पुलावरून फार लांब नाही. पाळ्या असतात, रात्रीच्या पण. पाळीचं काय असतं ते तुमच्या घरात कुणाला शिकवायला नको.

त्याला एकदा तुमच्याबरोबर चावी फिरवायला घेऊन जा. पहाटेच्या पाळीला, पाणी सुटायच्या वेळी. कुठल्या गल्लीला आधी, कुठल्या टेकडीला नंतर, आणि का, हे सांगा. सल्ला नको, फक्त काम दाखवा.

प्रिंट परत पाठवत आहे. मागच्या बाजूला माझ्या विद्यार्थ्याने मुलासाठी दोन प्रश्न लिहिलेत. पहिला डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीबद्दल आहे, तो त्याला येईल. दुसरा असा : आठ वाजता सगळ्यांना एकदम आत न घेता थोडे थोडे कसे सोडशील? तो अडला तर तुम्हाला विचारेल. तेव्हा हप्त्याचं काढू नका.