हार्ड डिस्कचा डीव्हीडी रेकॉर्डर घेताना

आपण जुन्या व्हीएचएस कॅसेटी जतन करण्यासाठी हार्ड डिस्क असलेला डीव्हीडी रेकॉर्डर शोधत आहात, तेव्हा आता वापरलेलेच यंत्र मिळेल असे गृहीत धरावे. नाशिकमध्ये महात्मा गांधी रस्त्यावर किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे चौकशी करताना, प्रत्यक्ष दहा मिनिटे रेकॉर्ड करून, ते हार्ड डिस्कवरून डीव्हीडीवर उतरवून आणि ती डीव्हीडी दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेतून आणलेला नग स्वस्त वाटला तरी तो बहुधा ११० ते १२० व्होल्टचा व एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचा असतो. आपल्याकडे चित्राची पाल पद्धत व २३० व्होल्टची वीज आहे.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर एसपी मोडमध्ये (नेहमीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये) सुमारे २ तास मावतात, म्हणजे १६० जीबीच्या हार्ड डिस्कवर साधारण ६८ तास. एका डीव्हीडीवर सहा तास बसवणारा मोड मी तरी लग्नाच्या कॅसेटीसाठी वापरणार नाही, कारण चेहरे धुरकट होतात.

जोडणीत व्हीसीआरच्या (कॅसेट चालवण्याच्या यंत्राच्या) ‘आउट’मधील पिवळी, पांढरी व लाल पिन रेकॉर्डरच्या ‘इन’मध्ये आणि रेकॉर्डरचे ‘आउट’ टीव्हीला द्यावे. नवशिक्यांची चूक बहुतेकदा इथेच होते. नाशिकमध्ये केबल २०१३ मध्ये डिजिटल झाल्याने यंत्रातील अ‍ॅनालॉग ट्यूनर (जुन्या पद्धतीच्या वाहिन्या पकडणारा भाग) केबलसाठी निरुपयोगी आहे. वाहिन्या रेकॉर्ड करायच्या असल्यास सेट-टॉप बॉक्सही अशाच इनपुटला जोडावा. शेवटी डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) डिस्क रेकॉर्डरच्या मेनूतून ‘फायनलाइझ’ करावी, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी पूर्ण करावी, अन्यथा ती इतर प्लेअरवर सहसा चालत नाही.