गावच्या उपासनेसाठी मध्यस्थीची प्रार्थना कशी लिहावी?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात. येत्या रविवारपासून मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे उपासनेत इतरांसाठी देवाकडे मागायची प्रार्थना, लिहून वाचायचं काम माझ्याकडे आलंय. काय लिहू आणि किती लिहू?

उत्तर:

आधी लांबी ठरवा, मजकुराचं नंतर बघू. पाच-सहा विनंत्या पुरेत. एकेक विनंती दोन-तीन वाक्यांची, म्हणजे चाळीसेक शब्दांची. सुरुवात आणि शेवट धरून सगळं 300 शब्दांच्या आत बसतं. सावकाश वाचलं तर मिनिटाला 90-100 शब्द होतात. प्रत्येक विनंतीनंतर दहा सेकंद शांतता आणि मंडळीचा प्रतिसाद धरला की पाच मिनिटं झाली. त्यापुढे लेकरं चुळबुळ करतात आणि मोठी माणसं मनानं वावरात पोचलेली असतात.

दुसरं, कोणाशी बोलताय ते पक्कं करा. रीती दोन आहेत. एकीत वाचणारा मंडळीला सांगतो, ‘आजाऱ्यांसाठी आपण प्रार्थना करू या’, आणि मंडळी देवाला हाक मारते. कॅथलिकांच्या मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, ही रीत आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली ही प्रार्थना मिस्सात पुन्हा आणली. तिचा क्रमही सांगितलेला आहे: ख्रिस्तसभा, राज्यकर्ते आणि जग, दुःखी-पीडित, मग स्थानिक मंडळी. दुसऱ्या रीतीत वाचणारा मंडळीच्या वतीने थेट देवाशी बोलतो. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत हीच चालते, तुम्हीही हीच घ्या. कोणतीही चालेल, पण एकाच प्रार्थनेत दोन्ही मिसळू नका. देवाशी बोलताना ‘आम्ही’, ‘आम्हांला’ म्हणा. ‘हे प्रभू, आपण सारे पापी आहोत’ असं वाचलंत तर देवालाही आपल्यात ओढलं. ऐकताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण कागदावर दिसलं की खोडा.

प्रतिसाद छोटा हवा, कारण सगळ्यांच्या हातात कागद नसतो आणि सगळ्यांना वाचता येतंच असंही नाही. तुम्ही म्हणा ‘प्रभू, तुझ्या दयेने’, मंडळी म्हणेल ‘आमची प्रार्थना ऐक’. तुमचे हे तीन शब्द दर वेळी तेच आणि त्याच सुरात यायला हवेत. एकदा ‘तुझ्या दयेने’, पुढच्या वेळी ‘तुझ्या महान कृपेने’ असं केलंत की अर्धी मंडळी गप्प बसते आणि अर्धी पुटपुटते. सुरू करण्याआधी एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्या.

आता खरा भाग. विनंती अशी हवी की तिथे बसलेल्या प्रत्येकाला मनापासून ‘आमेन’ म्हणता यावं. हे वाटतं तितकं सोपं नाही. जूनमध्ये ‘पाऊस दे’ सगळ्यांचंच असतं. ऑक्टोबरमध्ये मात्र एकाचं सोंगलेलं सोयाबीन वावरात पडलेलं असतं, दुसऱ्याची कपाशी फुटायला लागलेली असते आणि तिसऱ्याला हरभऱ्यासाठी ओल हवी असते. तेव्हा सरसकट पाऊस मागू नका, उघडीपही मागू नका. ‘कापलेलं पीक घरी येऊ दे, पेरणाऱ्याला ओल मिळू दे’ असं मागा. कापसाच्या भावाचं तसंच. चटईवर मालकही बसलेला असतो आणि त्याच्या वावरात किलोवर वेचणी करणारी बाईही. नुसता भाव मागितलात तर तिची प्रार्थना राहून जाते. भाव आणि मजुरी एकाच विनंतीत आणा.

नेहमी सापडणारं वाक्य असं असतं: ‘हे प्रभू, सर्व शेतकऱ्यांना आशीर्वादित कर आणि त्यांच्या सर्व समस्या दूर कर.’ यात चूक काही नाही, पण कोणाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तेच असं लिहा:

‘हे पित्या, या आठवड्यात आमच्या गावात कपाशीवर फवारणी चालू आहे. पाठीवर पंप घेऊन राबणाऱ्यांना सांभाळ. त्यांना हातमोजे आणि मास्क देण्याची बुद्धी मालकांना दे. कोणाला फवारणीचं औषध बाधलंच तर वेळेत दवाखाना मिळू दे. प्रभू, तुझ्या दयेने…’

2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, त्यामुळे ही विनंती कोणाला परकी वाटणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे लिहिणाऱ्याने मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला जंगलात जाणाऱ्यांसाठी मागावं. तिथे वाघाची भीती रोजची आहे. रानडुकरांपायी रात्री जागलीला जाणारे तर सगळीकडेच आहेत.

आजाऱ्यांची नावं घरच्यांना विचारूनच घ्या. नाव पुरे, आजार सांगू नका. क्षयरोग किंवा गर्भपात प्रार्थनेतून गावभर होतो, आणि तो परत घेता येत नाही. गावात आत्महत्या झाली असेल तर ‘कर्जापायी’, ‘चुकीचं पाऊल’ असं काहीही लिहू नका. कारण सांगणं हे प्रार्थनेचं काम नाही. मागे राहिलेल्यांसाठी धीर, लेकरांसाठी आधार आणि शेजाऱ्यांना त्या घरी जायची बुद्धी मागा. मृतांसाठी मागायचं का, हे मात्र मंडळीप्रमाणे बदलतं: कॅथलिक मागतात, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत फक्त शोकाकुल कुटुंबासाठी मागतात. पाळकसाहेबांना आधी फोन करून विचारा.

राज्यकर्त्यांसाठीची विनंती गाळू नका, बायबलमधल्या पहिले तीमथ्य 2:1-2 मध्ये ती स्पष्ट सांगितलेली आहे. फक्त पदाने मागा: सरपंच, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मुख्यमंत्री. पक्षाचं नाव नको. निवडणुकीच्या दिवसांत तर नकोच नको.

प्रार्थनेत उपदेशही शिरू देऊ नका. ‘प्रभू, तुला ठाऊक आहे, काही जण उपासनेला उशिरा येतात’ हे देवाला सांगायचं नसतं, मागच्या रांगेला टोमणा असतो. महिला सभेची वेळही सूचनांमध्ये सांगा, प्रार्थनेत नाही.

भाषा घरचीच ठेवा. पऱ्हाटी, वावर, ओलीत हे शब्द खुशाल येऊ द्या. ‘लिहिलेल्या प्रार्थनेत आत्मा नसतो’ असं कोणी म्हणेलच. वाद घालू नका, बायबलमधली स्तोत्रसंहिता, म्हणजे प्रार्थना-गीतांचं पुस्तक, लिहिलेलीच आहे.

गुरुवारपर्यंत विचारपूस करा, शुक्रवारी लिहा, शनिवारी रात्री मोठ्याने वाचा. श्वास अडकेल तिथे वाक्य तोडा. कागदाच्या एकाच बाजूला, ठळक अक्षरात लिहा आणि दोन विनंत्यांमध्ये जागा सोडा. मोबाइलवरून वाचू नका, शांततेच्या दहा सेकंदांत स्क्रीन विझते. आणि वीज गेली तर माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो का, ते उपासनेआधी कोणाला तरी मागे उभं करून बघा.

शेवटची विनंती झाली की ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो’ म्हणा आणि थांबा. ‘आमेन’ मंडळीला म्हणू द्या, मग सगळे मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना.